निघालो तिथेच पोचायची शर्यत

तीर्थरूप मामांस, लांबूनच पाया पडतो. (जवळ असतो तर तुम्ही पाय मागे घेतले असते, ठाऊक आहे. निघताना बोललो ते बोललो.) गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? मी बरा आहे, फक्त खांदे, कंबर आणि बसायची जागा सोडून.

झालं असं, की आमच्या होड्यांच्या कारखान्यातल्या मिस्त्रीचा (ज्याच्या हाताखाली मी दोन वर्षं नुसता पॉलिशपेपर घासतोय) शर्यतीतला जोडीदार पाठ धरून बसला. मिस्त्री म्हणाला, तू नावाड्याचा भाचा, बस मागे, वेळेत पोचलो तर तुला होडी बांधायला घेतो. म्हणून मी लांब पल्ल्याच्या शर्यतीत, कनू नावाच्या लांबोडक्या होडीत बसलो. मामा, असे दीडशहाणे मी जन्मात पाहिले नाहीत. चाळीस किलोमीटर वल्हवायचं आणि पोचायचं कुठे, तर निघालो तिथेच! पलीकडे ना माणूस न्यायचा, ना पोतं. होडी इतकी अरुंद, की शिंकायचं तर आधी पुढच्याला विचारावं. पाणी प्यायला तोंडाशी नळी, आजाऱ्यासारखी. आणि वाटेत बंधारा आला, की चांगले वकील-डॉक्टर होडी खांद्यावर घेऊन काठाने पळत सुटतात. तुम्ही जन्मभर नावेत बसलात, नाव कधी तुमच्यावर बसली का?

तरी आम्ही पुढे होतो. तिसऱ्या बंधाऱ्यानंतर काठावरच्या एका आजीबाईंनी हात वर केला. आता तुमच्या नावेवर मी सात वर्षं काढलेली. हात वर दिसला की नाव काठाला! मिस्त्री बोंबलतोय आणि माझं वल्हं आपलं आपण वळलं. आजी मागून येणाऱ्या नातवाला हात करत होत्या. मला म्हणाल्या, "बाळा, मला कुठंच जायचं नाहीये." तोवर अकरा होड्या पुढे गेल्या, नातू धरून. वेळ चार मिनिटांनी हुकली. शेवटून दुसरे आलो. (शेवटचे बुडाले होते.) असल्या खुळ्यांच्या वाऱ्याला पुन्हा उभा राहणार नाही.

तुमचा भाचा

ता. क. मिस्त्रीने तीन दिवस मला परत पॉलिशपेपरच घासायला लावला. चौथ्या दिवशी म्हणाला, "एवढ्या धारेत होडी न आपटता काठाला लावायला तुला शिकवलं कोणी?" मी तुमचं नाव सांगितलं. सोमवारपासून होडी बांधायला बसतोय.

आणखी एक. पुढच्या महिन्यात परत शर्यत आहे. तुमचं ते आखूड वल्हं, ज्याला मला कधी हात लावू दिला नाहीत, ते पाठवाल का? निघताना मी म्हणालो होतो, या काठावरून त्या काठावर, हे काय जिणं. ते मागे घेतो. इथे तर तो काठसुद्धा नाही.