चौदा नंबरची ओळ

९ जानेवारी २००५, रविवार

ऑगस्टनंतर या वहीत एक ओळ नाही. माफी कुणाची मागायची? वहीचीच मागते. पाहुणी आली, तिची सोय, डेन्मार्कचे कागद, वेळच झाला नाही, असं लिहिणार होते. पण ते पूर्ण खरं नाही. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसतच होते.

रजनी मून सोमवारी परत आली. बी.ए. फायनल, माझ्या समाजशास्त्राच्या वर्गात हजेरी नंबर चौदा. चार महिने डेन्मार्कच्या कॉलेजात शिकून आली. तिच्या बदल्यात तिकडची इंगा चार महिने आमच्या आर्वीच्या कॉलेजात बसली आणि नाताळाआधी परत गेली. रजनीने माझ्यासाठी मेणबत्ती आणली. अंगात तिकडचा जाड कोट, कपाळावर घाम.

"काढ ना तो."

"काढतो मॅडम. आजूक दोन दिवस घालू द्या."

१२ जाने., बुध.

विद्यापीठाचं पत्र. असा कोणताही करार विद्यापीठाने केलेला नाही, तिकडच्या अभ्यासाला इथे मान्यता नाही. मार्चच्या परीक्षेला बसायचं तर रजनीचा पंचाहत्तर टक्के हजेरीचा दाखला ३ फेब्रु.पर्यंत, विषयशिक्षकाच्या सहीने. म्हणजे माझ्या.

चार महिने गैरहजर धरले तर पंचाहत्तर कुठून येणार? वर्ष जाणार.

कराराची प्रत काढून पाहिली. "परस्पर मान्यता" लिहिलं आहे. खाली प्रिं. सरांची सही आणि तिकडची सही. विद्यापीठाची नाही. जुलैत हाच कागद मी तीनदा वाचला होता. सह्यांकडे पाहिलं नव्हतं.

१४ जाने., शुक्र. संक्रांत.

रजनीचे वडील आले होते. इथल्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. खाकी कपडे, दारातूनच "जय भीम, बाई". मी जय भीम म्हणून आत बोलावलं, पण चपला काढून उंबऱ्याशीच उभे राहिले. तिळगूळ दिला तर हात काळे म्हणून कागदात बांधून मागितला.

"पोरगी म्हणते, काई लेटर आलं. वर्ष त नाई जाईन न?"

जुलैत हाच प्रश्न, याच दारात. तेव्हा मी म्हणाले होते, लेखी आहे, काळजी करू नका. आज म्हणाले, बघते. ते "बरं" म्हणाले आणि निघाले. "बघते" हा शब्द त्यांनी किती ऑफिसांत ऐकला असेल.

१८ जाने., मंगळ.

आज सप्टेंबर ते डिसेंबरचा हजेरीपट उघडला. आठ दिवस टाळत होते, हे इथे तरी लिहावं.

झालं ते असं. इंगा आली तेव्हा यादी बंद झालेली. तिचं नाव घालायला जागा नाही, आणि करारानुसार तिच्या कॉलेजला तर तिची हजेरी कळवायची. ऑफिसातले वानखडे बाबू म्हणाले, "मॅडम, एक गेली, एक आली. तिच्याच ओळीत घ्या न. चौदा नंबर रिकामाच हाय." मी पेन्सिलने घेतली, फिकट, पुढे वेगळा कागद करू म्हणून. चौदा म्हटलं की इंगा हात वर करून "प्रेझेंट मॅडम", आणि मागच्या बाकावरून पोरी, "रजनीबाई आल्या!" सगळे हसायचे, मीही. इंगाने एकदा विचारलंही, तुम्ही मला बघता आहात, मग मी आहे असं मी का सांगायचं?

वेगळा कागद केलाच नाही. आज पाहते तर पेन्सिलीवर शाई. बाबूंनी डिसेंबरात बेरजा करताना गिरवली. "पेन्सिल चालत नाई मॅडम, ऑडिटवाले बोंबलतात."

नाव रजनी मून. अठ्ठ्याऐंशीपैकी एक्क्याऐंशी तास हजर. निळ्या शाईत.

२० जाने., गुरु.

प्रिं. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ओळ पाहिली, चष्मा काढला, आणि चेहरा उजळला.

"मग अडलं कुठे? पट पूर्ण आहे. सही करा."

म्हटलं, सर, या ओळीत इंगा आहे.

"अहो, परस्पर मान्यता म्हणजे तरी काय? तिची जागा हिला, हिची जागा तिला. आपण करार अक्षरशः पाळला!"

केबिनबाहेर येईपर्यंत मला ते पटलं होतं. पायऱ्या उतरताना पटेनासं झालं. याच ओळीवरून मी डिसेंबरात इंगाचा दाखला लिहून पाठवला आहे. आता त्याच एक्क्याऐंशी तासांवर दुसऱ्या मुलीचा लिहायचा? आणि नाही लिहिला तर चूक माझी नि बाबूंची, आणि वर्ष रजनीचं.

२३ जाने., रवि.

ह्यांना काल रात्री जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "सही करायची नव्हती त पेन्सिल कायले घेतली?" मग भाजी वाढून घेत, "पोरगी गोट्या खेळायले गेलती काय तिकडं? वर्गातच होती न. मंग हजरच झाली."

दिवसभर ह्याच वाक्याला धरून बसले आहे. वर्गात होती. या नाही, त्या. शिकण्यासाठीच होती. नियमाचा हेतू तोच ना? दाखला मनात लिहूनही झाला.

दुपारी आठवलं: इंगाच्या एक्क्याऐंशीतले दोन तास आष्टीच्या बाजाराच्या दिवसांचे. बाजार पाहायला गेली होती, मीच हजर मांडलं, हाही अभ्यासच म्हणून. तेव्हा हात अडला नाही. आता का अडतो? पाहुणीसाठी सैल आणि आपल्या पोरीसाठी कडक, असं तर नाही ना माझं?

२७ जाने., गुरु.

रजनीला स्टाफरूममध्ये बोलावून ओळ दाखवली. तिचं वर्ष, तिला माहीत हवं. आधी खूप हसली. "म्हणजे मी तिकडंबी होती अन् इकडंबी!" मग बोट ओळीवरून हळूहळू नेलं, शेवटपर्यंत. हसणं थांबलं.

मी ह्यांचंच वाक्य तिला ऐकवलं. तू वर्गातच होतीस ना, म्हणून...

"नाई मॅडम."

"काय नाही?"

"पहिले तीन आठवडे मी वर्गात गेलीच नाई. भेव वाटे. सगळे बोलत राहे, हसत राहे, मले काईच समजे नाई. खाली कपडे धुवायच्या मशीनची खोली होती, थे गरम राहे. तिथंच बसून राहो."

"कुणी विचारलं नाही?"

"तिकडं हजेरीच नाई घेत. कोणी नाव पुकारत नाई. मले वाटे, कोणी चौदा म्हणीन त मी पटकन उठून जाईन."

चौथ्या आठवड्यात तिकडच्या बाई जिन्यात भेटल्या, का येत नाहीस हे न विचारता काय वाचते आहेस विचारलं, म्हणे. दुसऱ्या दिवसापासून एकही तास सोडला नाही. तीन विषय पास झाली. गुणपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगते, त्याला इथे किंमत शून्य.

जाताना म्हणाली, "बाबाले नका सांगजा, त्या मशीनच्या खोलीचं." आणि दाराशी वळून, "तुम्ही जे लिहान थे चालते मले." चालतं कसं? तिचं वर्ष आहे. असं माझ्यावर टाकून...

३१ जाने., सोम.

विद्यापीठात फोन. चौथ्यांदा लागला, परीक्षा विभागातल्या कारकुनांकडे.

"मॅडम, रजिस्टरमध्ये आहे तेच लिहून पाठवा."

म्हटलं, रजिस्टरमध्ये आहे ते आणि घडलं ते वेगळं आहे.

"म्हणजे रजिस्टर चुकीचं आहे?"

चुकीचं नाही, म्हटलं. एक मुलगी रोज हजर होती.

"मग काय प्रॉब्लेम आहे?"

शेवटी त्यांनाच कीव आली असावी. फोनवर होणार नाही, गुरुवारी सकाळी नागपूरला या, साहेबांना भेटा. मान्यतेसाठी खास बाब म्हणून अर्ज करता येतो, पण मंजूर झालेला त्यांनी आजवर पाहिला नाही.

२ फेब्रु., बुध.

उद्या मुदत संपते. आज हजेरी घेताना चौदाला थांबले. रजनी उभीच होती. "येस मॅडम" दोनदा म्हणाली तेव्हा भानावर आले.

दुपारभर बसून दोन कागद लिहिले. एकावर रजनीचा हजेरीचा दाखला, पटातल्याच एक्क्याऐंशी तासांचा, चार ओळी, त्यात एकही आकडा खोटा नाही. दुसऱ्यावर खास बाबीचा अर्ज आणि चौदा नंबरची सगळी हकीगत. पेन्सिल माझी, हे स्वच्छ लिहिलं. बाबूंचं नाव गाळलं. ते योग्य की अयोग्य, माहीत नाही. आष्टीचा बाजार लिहिला. मशीनची खोली लिहिली, खोडली. ती गोष्ट रजनीची आहे. पण गाळली तर हकीगत पुरी कशी?

दोन्ही कागदांवर सही नाही. प्रिं. सर म्हणाले, पहिला कागद दिला तर दहा मिनिटांचं काम आहे. खरंच आहे. दुसऱ्याने तिचं वर्ष वाचेल असं मला वाटत नाही. मग तो मी कुणासाठी लिहिला? तिच्यासाठी, की स्वतःला बरं वाटावं म्हणून?

संध्याकाळी रजनीचे वडील फाटकाशी. आत आले नाहीत. "नागपूरची सव्वासहाची गाडी मी सोता पाह्यली बाई. ब्रेक, टायर, सगळं. वाटेत बंद पडत नाई. रजनीबी येते तुमच्यासंगं." कोणता कागद नेता आहात, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पट आणि दोन्ही कागद पिशवीत भरले. बसमध्ये तीन तास रजनीशेजारी बसायचं आहे.

उद्या: निघण्याआधी पेनात शाई भरणे.