दादाच्या मोटरसाठी बोर्ड

७ मार्च २०१६, अमरावती
शेंदूरजनाघाटहून आशावहिनींचा फोन. संत्र्याच्या बगीच्यात लाईन येते ती पहाटे कधीतरी. दादा अंधारात मोटर सुरू करायला जातो. ‘भाऊजी, तुमी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रोफेसर. लाईन आली का मोटर आपोआप सुरू होईन, असं काही करून द्या न.’
आठवड्याचं काम, म्हटलं. आधी मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे मोटरला हुकूम देणारा मेंदू, निवडायचा.

११ मार्च
आमच्या विभागातल्या ज्युनिअर लुबना मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला आर्डुइनो उनो घ्या. केबल लावा, प्रोग्राम टाका, चुकलं तर नेटवर उत्तर सापडतं. म्हणजे चुकणाऱ्यांसाठी आहे. आठ बिटचं खेळणं! मी इतकी वर्षं मायक्रोप्रोसेसर शिकवतोय, तेही बोर्डाला हात न लावता.

१९ मार्च
दुसरा बोर्ड, नोडएमसीयू. वायफाय आहे. बगीच्यात नाही, हा बगीच्याचा दोष. तरी रद्द. एवढासा बोर्ड लोकांना दाखवायचा कसा?

२ एप्रिल
रास्पबेरी पाय तर अख्खा कॉम्प्युटर. रद्द.
दादा पाटात पडला. पाय प्लास्टरमध्ये. लोक टॉर्च का नेत नाहीत? आता वहिनी जातात. त्यांना आठऐवजी बत्तीस बिटच्या बोर्डाचं महत्त्व समजावलं. नुसतं ‘बरं’ म्हणाल्या. समज बेताची.

१३ एप्रिल
बत्तीस बिटचा, सगळ्यात दमदार बोर्ड आला. पिनाच पिना. लॅपटॉप त्याला ओळखत नाही. लॅपटॉप भिकार. लुबना मॅडमनी विचारलं, पहिल्या चाचणीचा एलईडी तरी लुकलुकला का. मी त्यांना पिना मोजून दाखवल्या.

१५ एप्रिल
दमदार बोर्डाला सप्लायही दमदार हवा. बारा व्होल्ट थेट पिनेला दिले. धूर. हल्ली मालच हलका.

२१ एप्रिल
विद्यार्थ्यांपुढे ‘बोर्ड कसा निवडावा’ हे लेक्चर. अर्धे झोपले; आजची पिढी. शिपाई सांगत आला, वहिनी भेटायला आल्यात. विषय रंगला होता, थांबायला सांगितलं. बाहेर आलो तर गेलेल्या. लुबना मॅडमनी चहा पाजला म्हणे.

१ मे, शेंदूरजनाघाट
उशिराचं कारण समजवायला स्वतः आलो. बोलत असतानाच, आज भरदिवसा, लाईन आली आणि मोटर आपोआप सुरू झाली. स्टार्टरजवळ प्लास्टिकचा डबा, आत उनो. लुबना मॅडम मागच्या रविवारी मोर्शीला माहेरी आल्या होत्या, तेव्हा इथवर येऊन बसवून गेल्या. वायरिंग ठीक आहे. पण आठ बिट! दादाला तसं सांगितलं. तो प्लास्टरचा पाय खाटेवर टाकून झाडांकडे जाणारं पाणी पाहत होता. ऐकलं नसावं.
निघताना वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमी आता सावकाश निवडा. काई घाई नाही.’
शेवटी कुणाला तरी माझी पद्धत पटली.