पंख्याची वायर

पप्पा, काल शाळेत मार्क भरता भरता माझा लॅपटॉप तापला आणि आपोआप बंद पडला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अगोबाई, गेला की काय!" मी म्हटलं, गेला नाही, आजकालच्या प्रोसेसरला तेवढी अक्कल असते, जळायच्या आधी स्वतःच थांबतो. बोलून गेले आणि तुम्ही आठवलात. रडूबिडू आलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता काही होत नाही, नुसतं आठवतं.

भिंगारच्या घरातली पुढची खोली. तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करताय, मी दहावीचं पुस्तक उघडं टाकून तुमच्याकडे बघतेय. मेलेले प्रोसेसर तुम्ही थर्माकोलवर ओळीनं टोचून ठेवलेत आणि येईल त्याला तीच कथा सांगताय. हा टू-एटी-सिक्स, याला डोक्यावर पंखा नव्हता. थ्री-एटी-सिक्सलाही नव्हता. फोर-एटी-सिक्सपासून नखरे सुरू झाले, आणि पेंटियमचं तर पंख्याशिवाय पानच हलेना. "जितका पळतो तितका तापतो," म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. आम्हाला सगळं पाठ होतं. काम झालं की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवून, डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करायचात. गिऱ्हाईक कुठल्याही धर्माचं असो, तेवढा वेळ मुकाट उभं राहायचं.

नेवाशाच्या त्या शाळेचा कॉम्प्युटर. पेंटियमपेक्षाही पळणारा प्रोसेसर तुम्ही त्यात बसवलात, चालवून बघितलात, बंद केलात आणि जेवायला आत गेलात. पंख्याखाली त्याच्यावर काय लिहिलंय ते मला बघायचं होतं, एवढंच. वायर काढली, पंखा उचलला, नाव वाचलं, पंखा परत बसवला. तुम्ही हात धुऊन आलात, झाकण लावलंत, प्रार्थना केलीत. वायर मी लावलीच नव्हती.

चौथ्या दिवशी शाळेचा क्लार्क मशीन घेऊन दारात. "सर, जळल्याचा वास आला वो. तुमी तर म्हनला हुता, लई वर्सं बघायला लागनार न्हाई." तुम्ही झाकण उघडलंत, सुटी वायर बघितलीत आणि चिमटीत धरून वर काढलीत. मग म्हणालात, "माझ्याकडूनच राहिली." आपल्या मशीनचा प्रोसेसर काढून त्यांना बसवून दिलात. मी पुस्तकात तोंड खुपसून तिथेच बसले होते.

त्यानंतर तुम्ही प्रत्येक मशीन तीन-तीनदा उघडून बघायला लागलात. आई वैतागायची, "अहो, एक वायर राहिली तर काय आभाळ कोसळलं?" तुम्ही म्हणायचात, "लक्ष राहत नाही आता. लोकांचं नुकसान नको." वर्षभरात काम बंद करून एका लायब्ररीत नोकरी धरलीत. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुम्ही ते काम सोडलं नसतं, हे मला त्या वयातही कळत होतं. मार बसेल म्हणून गप्प बसले, असं स्वतःला सांगत आले. पण तुम्ही कधी माझ्यावर हात उगारलाच नव्हता. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही नर्सला सांगत होतात, "कॉम्प्युटर दुरुस्त करायचो मी, पण विसराळू झालो." मी शेजारी बसून मोसंबी सोलत होते. सोलत राहिले.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिता आलं. खरं सांगते पप्पा, तुम्ही आज समोर बसला असतात, तरी मी गप्पच राहिले असते.