बाबांच्या पाण्याचा पेला

कोबे, ९ नोव्हेंबर १९५२

प्रिय तेत्सुजी,

वसंतापासून तुला चार ओळीही लिहिल्या नाहीत, माफ कर. रोजनिशी चालू होती. तुला पत्र लिहायला घेतलं की हात थांबायचा. पत्र तुझ्याआधी तुरुंगाचे अधिकारी वाचतात, म्हणून तू कोणाचा गुन्हा अंगावर घेतलास ते आजही लिहीत नाही.

आई बरी आहे. बंदरावरचा काळा बाजार उठला. तिने तिथेच सुक्या माशांचं दुकान थाटलंय.

टोळीत शिरताना म्होरक्या मातोबांना बाप मानून तू त्यांच्या हातची साके दारू प्यायलास आणि तो पांढरा पेला कागदात गुंडाळून घरी आणलास, आठवतं? आईला वाटलं, देवळातला आहे. तू गेल्यापासून ती रोज सकाळी त्यातच बाबांच्या तसबिरीपुढे पाणी ठेवायची.

परवा मातोबांचा माणूस दुकानात आला. "ताई, वीस तारखेला सुटतोय ना आपला तेत्सु? फाटकापाशी आम्ही सगळे काळ्या कोटात रांगेने उभे राहणार. मान आहे त्याचा!" मी विचारलं, त्याला परत यायचं नसेल तर? तो हसला. "बापाने दिलेला पेला घरात असताना? तो परत केल्याशिवाय नातं तुटत नाही, ताई." आई मासे निवडत होती. तिने हात धुतले, घरून पेला घेतला आणि थेट त्यांचा अड्डा गाठला. मी मागोमाग धावले.

मातोबांनी पेला उलटसुलट पाहिला. "मावशी, यात काय ओतत होतात?"

"पाणी. तेत्सुच्या बापासाठी. युद्धात तहानेने गेला तो. तुम्हीही बाप, तोही बाप. एका पेल्यात दोघं कसे मावायचे?"

पोरं फिदीफिदी हसली. मातोबा हसले नाहीत. त्यांनी पेला दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि ठेवून घेतला. "टोळी सोडणाऱ्याने बोट कापून द्यायची रीत आहे, पण त्याचं बोटबीट काही नको मला. मेलेल्याच्या तोंडचं पाणी तोडणारा नाही मी."

हे सगळं तुला न विचारता झालं. तुझ्या आयुष्याचा निर्णय आम्ही परस्पर घेतला का? दोन दिवस स्वतःला हेच विचारतेय. पण वीस तारखेला फाटक उघडेल तेव्हा रांग नसेल, कोणी तुझ्यापुढे वाकणार नाही. त्यांनी तुला टाकलं, असं समजून तू त्यांच्या दारात जाशील, या भीतीने हे लिहितेय. तू सुटला आहेस, तेत्सुजी. समोर मी एकटी असेन, हातात तुझा जुना तपकिरी कोट घेऊन. त्यानंतर कुठे वळायचं, ते तू ठरव.

तुझीच,
नोबुए ताई

(त्याच रात्री, रोजनिशीत) उद्या: बाबांसाठी नवा पेला आणणे.