बंद घराचं बिल

पडेगाव,
११ मार्च २०२५

प्रिय कडूबा,

सलाम आणि रामराम. दोन्ही लिहितो, जो आधी पोचेल तो घे.

तुझी पुण्याहून आलेली चिठ्ठी मिळाली. आवाज गेला तरी अक्षर काही सुधारलं नाही. गंगापूरच्या शाळेत मास्तर म्हणायचे तेच, कोंबडीचे पाय. विश्वजीत म्हणाला, मोबाइलवर लिहून पाठवा काका, मी बाबांना दाखवतो. पण त्या उजेडानं तुझ्या डोळ्यांतून पाणी येतं, असं त्यानंच सांगितलं. आणि फोनवर एकट्यानं किती बडबड करायची? तू निदान हूं तरी करायचास. म्हणून कागदच बरा.

गळ्याला विजेचे शेक किती झाले? तीस म्हणाले होते ना? होतील तेही. विश्वजीतनं सुट्टी किती दिवस काढली, पैशाचं कसं चाललंय, हे मी विचारणार नव्हतो, तरी विचारलं. माझ्याच्यानं तिथं काही होत नाही. छावणीतलं मोटार वाइंडिंगचं दुकान बंद करून चार वर्षं झाली, आमच्या अबुजरची गाडी हप्त्यावर. तेव्हा इथून जे होतं ते मी करतो आहे, आणि ते ऐकून तू खूश होशील.

तुझं बिल. जानेवारीत तू गेलास त्याच्या आदल्या महिन्यात साडेपाचशेच्या वर आलं होतं. या महिन्यात किती असेल? एकशे सत्तर! स्थिर आकार आणि वर थोडा कर, बस. आता तू गालातल्या गालात हसशील, की कमरू म्हातारा झाला तरी कंजूष तो कंजूषच. हस बाबा. पण तुझ्या घरात किती वीज फुकट जात होती, माहीत आहे? टीव्हीचा तो लाल ठिपका चोवीस तास जळतो. मोबाइलचा चार्जर भिंतीतच. गिझरचं बटण वर. कूलरची वायर तर उंदरांनी कुरतडून ठेवलेली. चाळीस वर्षं मी लोकांच्या जळालेल्या मोटारी बांधल्या, आणि भिंतीपलीकडे माझाच दोस्त असा राहतो!

दर जुम्म्याला नमाजहून येताना तुझ्या ओट्यावर चढतो आणि मीटर बघतो. आकडा जिथल्या तिथं. बरं वाटतं. तुझ्यासाठी मी दुसरं काही करत नाही, पण एवढं तरी करतो, असं वाटतं.

फ्रीजवर चिकटवलेली तुझी चिठ्ठी दिसली. काळजी करू नको.

रोजे चालू आहेत. घरात जैतुन विचारत होती, कडूबाभाऊंना पातळ खिचडी तरी उतरते का? मागच्या वर्षी इफ्तारला तू खजूर खाऊन बी खिशात घालायचास, अंगणात लावीन म्हणून. एकही उगवलं नाही.

तब्येत सांभाळ. लवकर ये, म्हणजे तुझ्या ओट्याची झाडलोट माझ्या मागची सुटेल.

तुझा
कमरू


पडेगाव,
२६ एप्रिल २०२५

कडूबा,

सलाम, रामराम.

अबुजर उद्या पहाटे तुला आणायला पुण्याला निघतोय. त्याच्या हाती हे पत्र देतो. त्याला सांगून ठेवलंय, काकांनी वाचल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. तो म्हणाला, "अब्बा, असं काय लिहिलंय?" मी सांगितलं नाही.

तुझ्या घराची झाडलोट झाली आहे. पलंग ओट्याकडच्या खोलीत घेतला, तिथं वारा येतो. चादरी धुतल्या. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, पण टाकी भरून ठेवली आहे. कूलरला नवी वायर टाकली, जाळ्याही बदलल्या. ऊन या वर्षी लई आहे, दौलताबाद रोडला दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही. तुझी मोगऱ्याची कुंडी मात्र वाचली नाही. आणखी काय सांगू? समोरच्या मंजुषाबाईंनी गच्चीवर पत्रे टाकले.

हे सगळं मी कशासाठी लिहितोय, ते तुला कळत असेल. शाळेत मला उत्तर येत नसलं की मी पाटी पुसत बसायचो, तसं चाललंय माझं.

तुझी चिठ्ठी गुरुवारी मिळाली. मी ती ओट्यावर उभा राहून वाचली. तू लिहिलंस, डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं, आणि विश्वजीत रडला, आणि तुला त्याचंच वाईट वाटलं. पुढं अक्षय तृतीयेचं लिहिलंस, "आखाजीला घरी पायजे. लक्ष्मीनं दवाखान्यात जायच्या आधी पुरण शिजवून चार डबे भरले होते. मला म्हणाली, दर आखाजीला एक काढा, मी नसले तरी माझ्या हातचं खा. तीन झाले. चौथा फ्रीजात वरच्या कप्प्यात हाय. पोळी नाय उतरणार, पण पुरण मऊ असतं, दुधात कालवून उतरंल. तेवढं खाल्लं की झालं माझं."

कडूबा, तो डबा गेला.

पहिल्यांदा मी या कागदावर दुसरंच लिहिलं होतं. लिहिलं होतं की वादळात तार तुटली, चार दिवस लाईट नव्हती, कोणाचाच इलाज नव्हता. तो कागद फाडला. एप्रिलमध्ये वादळ झालंच नाही, आणि तू अबुजरला विचारलं असतंस.

फ्रीज मी बंद केला. जानेवारीतच, तू गेल्यावर दोन दिवसांनी. मेन खाली ओढला आणि सगळं घर बंद केलं. खालच्या कप्प्यात एक लिंबाचं लोणचं आणि अर्धी दुधाची पिशवी होती, ती आमच्याकडे आणली. दार उघडं राहावं म्हणून मध्ये पाट लावला, कारण बंद फ्रीजला बुरशी धरते. मी कारागीर आहे ना, सगळं रीतसर केलं.

तुझी चिठ्ठी दारावर होतीच. "फ्रीज बंद करू नको." मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. मी वाचली. मार्चच्या पत्रात मी तुला 'चिठ्ठी दिसली, काळजी करू नको' असं लिहिलं ते खोटं होतं. तुला तेव्हाच कळायला हवं होतं, दोस्ता. फ्रीज चालू असता तर एकशे सत्तर बिल येतं का? पण तू तेव्हा आकडे बघायच्या हालतीत नव्हतास, आणि मला ते माहीत होतं.

वर बर्फ इतका साचला होता की कप्प्याची झडप उघडत नव्हती. मी खाली पातेलं ठेवलं आणि आलो. तिसऱ्या दिवशी पाणी फेकायला गेलो तेव्हा झडप सुटली होती. आत स्टीलचा डबा होता. तो मी पाहिला. हात लावला नाही. झडप परत लोटली आणि घराला कुलूप लावून आलो. त्यानंतर तीन महिने मी आत गेलोच नाही, फक्त बाहेरून मीटर बघत राहिलो.

का लोटली, हे मी दोन दिवस स्वतःला विचारतोय. कंजूषपणा म्हणून सोडून देता आलं असतं, तू माफही केलं असतंस, कारण माझा कंजूषपणा तुझ्या ओळखीचा आहे. पण ते खरं नाही. ज्या दिवशी विश्वजीत तुला गाडीत बसवून घेऊन गेला, त्या दिवशी तू मागं वळून ओट्याकडे पाहिलंस आणि मी मान खाली घातली. मला वाटलं, हा आता परत येत नाही. मनात ते पक्कं बसलं. डबा पाहिला तेव्हाही वाटलं, आता हे कोण खाणार? परत येणाऱ्या माणसाचं घर कोणी असं बंद करत नाही, कडूबा. माणूस गेल्यावर घर आवरतात, तसं मी तुझं घर आवरलं. तू तिकडे शेक घेत होतास, उलट्या काढत होतास, आणि घरी यायचं म्हणून झगडत होतास. आणि मी इकडे तुला कधीच पोचवून आलो होतो. वर तुझी वीज वाचवली म्हणून खूश होतो.

तुला लिहिताना मात्र 'लवकर ये' लिहायचो.

गुरुवारी चिठ्ठी वाचली तसा चावी घेऊन धावलो. मेन वर केला. आता मेन वर करून काय होणार होतं? तरी केला. फ्रीज घरघरायला लागला. झडप उघडली आणि वास आला. झाकण काढलं, आत काय होतं ते लिहीत नाही. मी फरशीवर बसलो. वय झालंय, एकदा बसलं की उठता येत नाही, म्हणून जैतुनला हाक मारली.

ती आली, डब्यात बघितलं, आणि तिनं तो लगेच ओळखला. लक्ष्मीवहिनींचे डबे तिला नाही कळणार तर कोणाला? "ये भाबी का पुरन है," म्हणाली. मग दारावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे वळली. "उनोंने लिख को रखे थे ना? पढना भूल गये क्या तुम?"

मी म्हणालो, "पढा था."

तिनं मला हात देऊन उठवलं आणि एकटीच घरी निघून गेली.

काल तिनं हरभऱ्याची डाळ भिजत घातली. वहिनींनीच शिकवलेलं पुरण, तुला माहीत आहे, भिंतीवरून दोघींचं चालायचं. गूळ किती, जायफळ किती, सुंठ कधी घालायची. शिजवून, वाटून तिनं ते माझ्यापुढं ठेवलं. चव तीच होती. अगदी तीच. मी वाटी बाजूला सारली.

मग जैतुन हळूच म्हणाली, "उसी डब्बे में भर देती हूं. भाबी के हाथ की लिखी पट्टी लगा को. आखिर का निवाला है उनका, चैन से खा लेंगे. किसको मालूम पडता?"

मी तुला खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. सबंध संध्याकाळ मी हो म्हणायच्या बेतात होतो. तू खाल्लं असतंस, डोळे मिटले असतेस, तुला लक्ष्मीवहिनी दिसल्या असत्या, आणि मी पलंगाशी बसून तुझं तोंड पुसलं असतं. यात वाईट कोणाचं होतं? तुझं तर नाहीच. पण मग तू माझा हात हातात घेतला असतास आणि म्हणाला असतास, कमरू, माझं घर तू सांभाळलंस. आवाज नसला तरी ओठांवरून मला कळलं असतं. ते मला सोसलं नसतं. म्हणजे शेवटी हे खरं लिहिणंही मी माझ्याचसाठी करतोय. तुझ्या शेवटच्या घासापेक्षा मला माझं मन मोठं झालं. चूक की बरोबर, मला कळत नाही. साठ वर्षांत तुझ्यापाशी कधी खोटं टिकलं नाही माझं, एवढंच कळतं.

वहिनींचा डबा घासून ओट्यावर उन्हात ठेवला आहे. वास जात नाही. त्याच्यावर दवाखान्यात वापरतात तसली पांढरी चिकटपट्टी होती, बर्फाच्या पाण्यानं सुटून आली. शाई फुटली आहे, पण वाचता येतं. "आखाजी ४" आणि खाली बारीक अक्षरात "गूळ कमी हाय, वरून घ्या." ती पट्टी या कागदाला टाचली आहे. ती तुझी आहे. त्यांच्या हातचं आता एवढंच उरलं.

जैतुननं केलेलं पुरण आमच्या डब्यात आहे, त्यावर कोणाचं नाव नाही. तुला द्यायचं तर तुझ्यासमोर सांगून देऊ, की हे जैतुनचं आहे. नको म्हणालास तर तीही समजेल.

वाचून झाल्यावर तुला यावंसं वाटलं नाही, तर अबुजर रिकामी गाडी घेऊन परत येईल. मी त्याला का म्हणून विचारणार नाही. आणि आलास आणि तोंड भिंतीकडे केलंस, तरी मी ओट्यावर बसून राहीन. कोणीतरी हाकेच्या अंतरावर लागेल, आणि हाक मारायला तुझ्याकडे आवाज नाही. पलंगाला एक घंटी बांधली आहे.

तीन महिन्यांत तुझे अकराशे चाळीस रुपये वाचले. ते पाकिटात घालून उशीखाली ठेवले आहेत. माझ्या घरात मला ते बघवत नाहीत.

मेन वर आहे. फ्रीज परवापासून चालू आहे. आत काही नाही, तरी चालू आहे, आणि राहील. मीटर आता पळतंय, मी रोज जाऊन बघतो.

चावी अबुजरजवळ दिली आहे. ती माझ्याकडे ठेवण्याची लायकी मी घालवली.

तुझा (तू अजून म्हणत असशील तर)
कमरू