पूर्वेच्या भिंतीचा ओटा

क्लेमेंटी, सिंगापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. मनोहर यास बेबीअक्काचा प्रभूमध्ये सलाम व आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे सुखरूप. तू फोनवर नुसतं हूं हूं करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून म्हटलं कागदच बरा. मी लिहिते, जाई त्याचा फोटो काढून तुझ्या सुलेखाच्या मोबाइलवर पाठवते. सुनेकडून वाचून घेऊ नकोस, चष्मा लाव आणि स्वतः वाच. माझं शिक्षण चौथीत थांबलं, अक्षरही तिथंच थांबलंय.

पत्रास कारण असं, की मला इथं आपलं देऊळ सापडलं.

माझ्या प्रमोदची जाई युनिव्हर्सिटीत इमारती बांधायचं शिकते हे तुला ठाऊक आहे. तिच्या सरांनी एक जुनी, लहान इमारत मापून आणायला सांगितली. हिनं एक ख्रिस्ती देऊळ निवडलं आणि मला म्हणाली, आजी, टेपचं दुसरं टोक धरायला चल. म्हणजे आजीचा उपयोग एवढाच. पण मी गेले. दोन बस बदलल्या. चहूकडं वीस-वीस मजली फ्लॅट आणि मध्ये हे एवढंसं, पांढरं, कौलारू. पूर्वी तिथं खेडंच होतं म्हणे, भाजीचे मळे आणि डुकरांचे गोठे. खेडं गेलं, देऊळ राहिलं.

आत पाय ठेवला आणि थबकलेच. मूर्ती नाही, चित्र नाही, मेणबत्ती नाही. उपदेशाचं पुलपिट मधोमध, पुढ्यात प्रभुभोजनाचं साधं मेज, खिडक्यांना बिनरंगाच्या काचा. दारंसुद्धा दोन, एक बायकांचं, एक पुरुषांचं. जाईला म्हटलं, हे तर आपल्या माळसिंग्याचंच आहे, फक्त इथं बाकं आणि आपल्याकडं जाजम. ती म्हणाली, दोन्ही रिफॉर्म्ड पंथाची, त्यांच्यात वचन ऐकणं सगळ्यांत मोठं, म्हणून पुलपिट मधे आणि नजर भुलवणारं काही नाही. बघ मनोहर, जन्म गेला त्या देवळात, पण पुलपिट मधेच का, हे मी कुणाला विचारलं नाही. मला वाटायचं देऊळ बांधवणारा मिशनरी साहेब लई उंच होता, कडेला कौलं डोक्याला लागत असतील.

आता मुद्द्याचं. मी इकडं निघताना तू म्हणालास, भिंत कललीय, जुनं पाडून स्लॅबचं बांधायचं, ९ मार्चला उपासनेनंतर सभा आहे. माझा बाप्तिस्मा तिथं, लग्न तिथं, आईबाबांची शेवटची प्रार्थना तिथं. ते पाडू नये असं मला वाटतं. पण मोठा पंच तू, सभा तुझ्या शब्दावर जाणार. जाई विचारते, कुठली भिंत कलली, कधीपासून? आणि देवळाच्या कपाटात साहेबाच्या हातचा नकाशा आहे, त्याचा फोटो पाठवशील का? पोरगीला भारी उत्सुकता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

थोरांना सलाम, लहानांना पापे. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, इथली भाताची पेज पातळ आहे तेवढं पुरे.

तुझी,
बेबीअक्का


माळसिंगे
१४ फेब्रुवारी २०२५

ती. बेबीअक्कास मनोहरचा सप्रेम सलाम. वि. वि.

चष्मा लावून स्वतः वाचलं. अक्षर चौथीतलं नाही, दुसरीतलं आहे.

भिंत पूर्वेची, रस्त्याकडची. बाहेर कललीय. चिरेत वरच्या अंगाला चार बोटं जातात. आत दर रविवारी पोरांची शब्बाथ शाळा भरते. उद्या काही झालं तर पंच म्हणून मी कुणाला तोंड दाखवू? वीस वर्षं मी एकच सांगतोय, त्या अमेरिकन साहेबाला आपली काळी माती कळली नाही. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. आपले आजोबा यादवराव गवंडी, साहेबानं दाखवलं तिथं त्यांनी दगड ठेवला, त्यांच्याकडं दोष जात नाही.

कधीपासून म्हणशील तर प्रमोदच्या लग्नानंतर तीन-चार पावसाळ्यांनी चीर दिसली. नकाशाचा फोटो सुलेखा पाठवते आहे. पाडायची मला हौस नाही, अक्का. पण आठवणींच्या जिवावर भिंत उभी राहत नाही.

प्रमोद, स्मिता व जाईस आशीर्वाद. तुझा लोभ आहे म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं.

तुझा,
मनोहर


क्लेमेंटी
रविवार, २ मार्च २०२५

चि. मनोहर यास सलाम व आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाच. पाणी जवळ ठेव.

आज पुन्हा त्या देवळात गेलो. तिथं एक चिनी म्हातारी असते, माझ्याहून मोठी, रोज झाडते. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. पण झाडू कसा धरायचा यावर आमचं एकमत झालं. मग तिनं मला हाताला धरून बाहेर नेलं आणि भिंतीलगतच्या ओट्यावर बसवलं. दगडी ओटा, पाठीला तिरका, खिडकीच्या खालपर्यंत निमुळता होत गेलेला. जाईला थोडी चिनी येते, तिनं सांगितलं, की लहानपणी इथं बसून ती शेंगा सोलायची आणि आतला उपदेश ऐकायची. मी म्हटलं, अगं, आमच्याकडंही असाच ओटा होता, आम्ही चिंचा खायचो, उपदेश ऐकायचो म्हणता येणार नाही.

जाईच्या हातातली टेप तिथंच थांबली.

"आजी, होता म्हणजे? आता नाही?"

मनोहर, मग तिनं मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. तो ओटा बसायचा नव्हता. छपराचा भार भिंतीला बाहेर ढकलतो, ओटा भिंतीचे पाय धरून ठेवतो. म्हातारीला मागून टेकू द्यावा तसा. शिवाय पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या मुळाशी मुरू देत नाही, लांब सोडतो. तू पाठवलेला नकाशा तिनं मोठा करून करून बघितला. त्यात ओटा नाहीच. साहेबानं काढलाच नव्हता. मग घातला कुणी? भिंत बांधणाऱ्यानं. आपल्या आजोबांनी, माती ओळखून, कुणाला न विचारता.

आणि फोडला कुणी? प्रमोदच्या लग्नात मांडव रस्त्याकडं मावेना. मी हटून बसले, की माझ्या एकुलत्या लेकाचा मांडव देवळाच्या दारातच घालायचा, तो ओटा काढ. तू आधी नको म्हणालास. मी दोन दिवस जेवले नाही, आठवतं? पहार तुझ्या हातात होती, हट्ट माझा होता. मला वाटलं, ते नुसतं बसायचं ठिकाण तर होतं.

पश्चिमेचा ओटा तसाच आहे ना? मग तिकडची भिंत कलली का, ते एकदा बघ. जाई म्हणते, मी अजून शिकतेय, माझ्यावर विसंबू नका, जाणत्या इंजिनिअरला दाखवा आणि तोवर पोरांना आत बसवू नका. हे तिचं मला पटलं.

सभेत काय बोलायचं ते तू ठरव. वीस वर्षं साहेबाला बोल लावलास, आता शब्द फिरवायला जड जाईल, जाणते मी. माझं नाव सांग हवं तर. जे सांगशील ते सांग, पण माया तोडू नकोस.

तुझी,
अक्का


माळसिंगे
११ मार्च २०२५

ती. अक्कास मनोहरचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी देवळाकडं फिरकलो नाही. सुलेखाला वाटलं पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी आजोबांचा ओळंबा काढला आणि पश्चिमेच्या भिंतीला लावला. दोरी भिंतीला समांतर, सूतभर फरक नाही. मग पूर्वेला लावला. ते लिहीत नाही.

पायाशी थोडं उकरलं. ओट्याचा पाया अजून आहे, भिंतीच्या पायाहून हातभर खोल गेलेला. बसायच्या ओट्याला इतकं खोल कोण जातं? आणि त्याचे वरचे दगड कुठं गेले म्हणशील तर माझ्याच अंगणात आहेत. मांडव उतरल्यावर मी त्यांची पायरी केली होती. तेवीस वर्षं रोज आजोबांच्या कामावर पाय देऊन घरात जातोय.

कोल्हापूरच्या इंजिनिअरला सभेआधीच आणून दाखवलं. त्यानं चीर बघितली, पाया बघितला, पोरीचं म्हणणं बरोबर आहे म्हणाला.

सभेत पाळकांनी प्रार्थना केली आणि मला बोलायला सांगितलं. सगळ्यांना वाटलं मी नेहमीचंच बोलणार. मी उभा राहिलो. एवढंच म्हणालो:

"साहेबाला माती कळली नव्हती. आमच्या आजोबांना कळली होती. मला आजोबा कळले नाहीत. तो ओटा मी फोडला."

मग मागून एक म्हातारं म्हणालं, मनोहर, मांडवात जेवलो आम्हीपण. लोक हसले, मी बसलो.

ठरलं असं, की आता लाकडी टेकू द्यायचे, ओटा होता तसा बांधायचा आणि एक पावसाळा चिरेवर नजर ठेवायची. वाढली तर पाडायचं, नाही तर नाही. शब्बाथ शाळा लिंबाखाली भरेल. काल माझी पायरी उखडली. सध्या घरात उडी मारून जातो.

तुझं नाव घेतलं नाही. ते आपल्या दोघांत राहू दे. जाईस विशेष आशीर्वाद.

तुझा,
मनोहर


क्लेमेंटी
१६ मार्च २०२५

चि. मनोहर यास सलाम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा त्या चिनी म्हातारीलाही मराठीतूनच वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण तिनं मला संत्रं दिलं.

जाईनं साहेबाच्या नकाशावर लाल पेन्सिलीनं ओटा काढला आणि खाली मला विचारून मराठीत लिहिलं, यादवराव गवंडी. त्यांना लिहिता येत नव्हतं रे, म्हणून शंभर वर्षांत त्यांचं नाव कुठल्या कागदावर आलं नव्हतं.

माझं नाव घेतलं नाहीस, पण ते दोघांत राहणार नाही. मेमध्ये इथं राहायचा पास संपला की येते, आणि उपासनेनंतर मी स्वतः उभी राहून सांगते. उपाशी बसणं माझं होतं, नावही माझंच पाहिजे.

तुला सांगणार होते, की ओटा वीतभर बुटका कर, माझे गुडघे आता चढत नाहीत. पण जाईनं मान हलवली. म्हणाली, कॅनॉट लाह आजी, जमायचं नाही, भिंतीला तेवढीच उंची लागते. तर राहू दे, आजोबांनी ठेवली तेवढीच ठेव. फक्त खाली पाय द्यायला तुझ्या पायरीतला एक दगड शिल्लक ठेव, आणि दुपारच्या सावलीत दोघांपुरती जागा धर. चिंचा मी आणते.

तुझी,
अक्का