अर्धा ठोकलेला हंडा

४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जेवतो, झोपतो, गुडघ्याला तेल लावतो. पुढच्या पत्रात हे तीन प्रश्न नकोत. तुझ्या दादाला जाऊन परवा तीन महिने झाले. चार दिवसांच्या तापात धडधाकट माणूस जातो कसा, हे मला अजून कळलेलं नाही. दुकान उघडतो, झाडतो, बसतो. त्याने अर्धा ठोकलेला तांब्याचा हंडा कोपऱ्यात तसाच आहे.

मास्तरीणबाई, एक विचारायचं होतं. चाळीस वर्षं तांबं ठोकतोय. ठोकत गेलं की ते कडक होतं, भट्टीत लाल केलं की पुन्हा मऊ. हे हाताला ठाऊक आहे, डोक्याला नाही. तुम्ही शाळेत शिकवता म्हणे, तर सांगा असं का होतं. आणि लाल केल्यावर आधी मारलेले घाव त्यातून जातात का? नीट बघून लिही.

बाकी ठीक म्हणायचं.
तुझे बाबा

११ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आणि मला प्रश्न! शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पत्र दाखवून झालं.

गेल्याच आठवड्यात मी वर्गात मिठाचा खडा आणि तांब्याची पट्टी शेजारी ठेवून दोन्हींवर हातोडा घातला. मिठाचा चुरा झाला, पट्टी नुसती पसरली. मिठात प्रत्येक कणाचा शेजारी विरुद्ध विद्युतभाराचा. घावाने ओळ सरकली की सारखे भार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलून देतात. तांब्यातला अणू मात्र आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सगळ्यांच्यात टाकून मोकळा होतो. ते इलेक्ट्रॉन कुणा एकाचे राहत नाहीत. सगळीकडे फिरतात आणि सगळ्यांना धरून ठेवतात. म्हणून ओळी घसरल्या तरी कुणी सुटत नाही, पत्रा फाटायच्या ऐवजी वाढतो. तेच इलेक्ट्रॉन वीज नेतात, उजेड परतवतात म्हणून भांडं चमकतं, आणि उष्णता या टोकाची त्या टोकाला पोचवतात. लहानपणी पळी धरून मी बोंब ठोकली होती, ती त्यांच्याच कृपेने. दादा किती हसला होता!

घाव बसत गेले की ओळी एकमेकींत अडकतात, घसरेनाशा होतात. तो कडकपणा. लाल केलं की अणू हलतात, नव्याने ओळीत लागतात. मग मारलेल्या एकाही घावाची आठवण तांब्याला राहत नाही. सगळं पुसलं जातं, अगदी कोरं.

पैकीच्या पैकी गुण द्याल ना?
तुमची धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हंडा चिरला. काठापासून पोटापर्यंत, चार बोटं.

काल पुरा करायला घेतला आणि भट्टी पेटवलीच नाही. थंडच ठोकत बसलो. नवशिक्यानेही करू नये अशी चूक, आणि ती मला कळत होती. हातोडा उलटून येत होता, आवाज चढत होता. तांबं ओरडून सांगत होतं की आता पुरे, तापव. पण तुझं पत्र खिशात होतं. त्याच्या हातचं एवढंच उरलंय घरात. ते लाल करून कोरं करायचं? हात धजला नाही. मग तड्याचा आवाज आला.

तुला दोष नाही, पोरी. मला दादाचं विचारायचं होतं, विचारलं तांब्याचं.

तुझे बाबा

२४ जानेवारी

बाबा,
नमस्कार. आज यापुढचा मायना सुचत नाही.

हंडा तुमच्या पहिल्याच पत्रात होता. मी वाचला आणि स्वतःच्या हुशारीच्या नादात पुढे गेले. उत्तरही अर्धंच दिलं. पुसला जातो तो कडकपणा, आकार नाही. अणू जवळच्या जवळ नीट लागतात. हंड्याचा परत पत्रा होत नाही. दादाने दिलेली गोलाई, हातोड्याचे ठसे, सगळं राहतं. अहो, तुम्ही हे चाळीस वर्षं रोज बघताय! माझ्या एका ओळीवर स्वतःच्या हातांपेक्षा जास्त विश्वास कसा ठेवलात?

जेवलात का, झोपलात का, एवढंच विचारत राहिले, कारण दुसरं काही विचारायची भीती वाटत होती. रविवारी येते. भट्टीला भाता मी मारीन.

चुकलेली,
तुमची धाकटी

२९ जानेवारी

चि. धाकटीस,
पोटभर आशीर्वाद.

तू येईपर्यंत धीर धरवला नाही. काल सकाळी भट्टी पेटवली. हंडा लाल झाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगू. पाण्यात सोडला, काळाकुट्ट बाहेर काढला, घासला. गोलाई तशीच. ठसे तसेच, त्याच्या डावऱ्या हाताचे, तिरके. तडा सांधलाय, पण सांधा दिसतो. गिऱ्हाइकाला दुसरा करून देईन.

बुडाशी एक पोचा आहे. त्याच्या कामाच्या शेवटच्या दिवशी हातोडा तिथे निसटला आणि मी चारचौघांत त्याला नाही नाही ते बोललो. त्याच्या अंगात तेव्हाच ताप होता, हे मला संध्याकाळी कळलं. भट्टीतून तो पोचाही तसाच बाहेर आला. दोन ठोक्यांत निघेल. काढणार नाही.

रविवारी वाट बघतो. दोघांवरचा लोभ आता तुझ्या एकटीवर आहे, तेवढा सांभाळून घे.

तुझे बाबा